गंज काढावा, पोचा ठेवावा

माउली, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू पडून असेल. आखाड्यावर आजोबांची मोडकी तिफण असेल, माळ्यावर बंद पडलेले शिवणयंत्र असेल, कोपऱ्यात कुणी दळत नसलेले जाते असेल. ती वस्तू वापरता येत नाही आणि मोडीतही घालवत नाही. जाता-येता ती दिसते आणि दरवेळी आपण मनात म्हणतो, एकदा हिचे काहीतरी केले पाहिजे.

आमच्या सोनपेठच्या घरामागे लिंबाखाली अशी एक मोटार पंधरा वर्षे उभी होती. 1968 सालची फियाट. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, 2009 साली गेले आणि त्यानंतर तिचे दार कुणी उघडले नाही. टायर जमिनीला चिकटले, बैठकीत उंदरांनी घर केले, बॉनेटवर लिंबोळ्यांचा थर साचून कुजला. मागच्या कार्तिकीनंतर मी ती खोलायला घेतली आणि चैत्री एकादशीच्या आधी ती सुरू झाली. त्या पाच महिन्यांत एका प्रश्नाने मला सोडले नाही. तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो मोटारीपुरता नाही. जुने नीट करायचे म्हणजे नेमके काय करायचे? काय काढायचे आणि काय ठेवायचे?

आधी या गाडीची थोडी ओळख करून देतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीबरोबर काम सुरू झाले आणि फियाट 1100 ही गाडी घरोघर माहीत झाली. 1964 मध्ये निघालेल्या तिच्या नमुन्याला डिलाइट म्हणत. आमची गाडी त्यातली. हीच गाडी नंतर प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांनी पाहिली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला. चार सिलिंडरचे 1089 सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढची बैठक एकसंध, बाकासारखी. दादा म्हणायचे, या बाकावर चालवणारा आणि दुखणेकरी एका ओळीत बसतात, मागे-पुढे नाही.

दादांचे कापडाचे छोटे दुकान होते. 1978 साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली. गळ्यात माळ, दरवर्षी आषाढीची वारी. पंढरीला ही गाडी त्यांनी एकदाही नेली नाही. वारी पायांनीच करायची, हा त्यांचा नेम. गाडी गेली ती दुसऱ्यांच्या कामाला. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, तापाने फणफणलेले पोर. रात्री-अपरात्री दारात कुणीतरी उभे राही आणि दादा सदरा अडकवत बाहेर पडत. परळी, अंबाजोगाई, कधी परभणी. पेट्रोलचे पैसे कुणी दिले तर घेत, नाही दिले तर मागत नसत.

आता माझ्याविषयी खरे सांगतो. ही गाडी पावसाने गंजली, असे मी लोकांना सांगत आलो. पाऊस सगळ्यांवरच पडतो. ही गाडी गंजली ती माझ्या रागाने.

1989 च्या श्रावणात माझी आई गेली. रात्री तिच्या छातीत कळा सुरू झाल्या. गाडी घरी नव्हती. दादा एका वस्तीवरच्या बाळंतिणीला घेऊन अंबाजोगाईला गेले होते. ते परत येत होते तेव्हा गावाच्या अलीकडे कुणीतरी हात करून त्यांना बातमी दिली. त्यांनी गाडी जोरात काढली आणि नळाच्या पुलाच्या वळणावर ती कठड्याला घासली. डावीकडचा पुढचा मडगार्ड आत गेला. घरी पोचले तेव्हा आई राहिली नव्हती. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात शाळेवर होतो. सकाळी पहिल्या एसटीने आलो. त्यानंतर दादा वीस वर्षे जगले. एका घरात राहिलो, एका पंक्तीला जेवलो. पण मी त्यांच्याशी कामापुरते बोललो. ते गेल्यावर त्यांची माळ मी देवघरात ठेवली आणि गाडी लिंबाखाली ठेवली. एकीला रोज हळदी-कुंकू, दुसरीकडे पाठ.

मग खोलायला का घेतली? कुणाच्या सांगण्यावरून नाही. निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती, हाताला काम नव्हते आणि भंगारवाला तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा त्याला हो म्हणता म्हणता तोंडून नाही निघाले. का निघाले ते मलाही तेव्हा कळले नाही.

गावातले एक म्हातारे मिस्त्री मदतीला आले. त्यांनी गॅरेज कधीच बंद केलेले, पण दादांची गाडी त्यांच्या हाताखालून गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी शिस्त घालून दिली. गाडी नुसत्या जॅकवर सोडून खाली शिरायचे नाही, लाकडी ठोकळे द्यायचे. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि डब्यावर त्याचे ठिकाण लिहायचे. मी मास्तर, चिठ्ठ्या लिहिणे मला जमले. ओसरीवर डब्यांची रांग लागली. आमची नात म्हणाली, आजोबा, तुम्ही मोटारीची शाळा भरवली.

दुसऱ्या दिवशी एक गंजलेला बोल्ट काही केल्या सुटेना. मी पान्याला पाइप लावून सगळे अंग टाकले. मिस्त्री ओरडले, "गुरुजी, ताकद लावू नका, डोकं तुटून हातात येईल. डिझेल सोडा, रातभर राहू द्या. उद्या आधी थोडा आवळा, मग सोडा." सकाळी तसे केले. किंचित आवळल्याबरोबर आत काहीतरी कुरकुरले आणि मग तो बोल्ट निमूट सुटला. सोडायचे असेल तर आधी थोडे त्याच दिशेने जावे लागते, ही गोष्ट मी साठी उलटल्यावर शिकलो.

काय काय बदलावे लागले ते ऐका. पिस्टनच्या रिंगा, हेडचे गॅस्केट, ब्रेकचे रबर आणि चाकातले सिलिंडर, सगळी वायर, पाचही टायर, बॅटरी, बैठकीचा काथ्या. टाकीच्या तळाशी जुने पेट्रोल डिंकासारखे चिकटले होते. डायनामो दुरुस्तीला परभणीला गेला. काही भाग मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाले. जिथे ही गाडी जन्मली तिथूनच तिचे अवयव पुन्हा आले. हेड परत बसवताना मिस्त्रींनी मला जवळ बसवून बोल्ट आवळायचा क्रम दाखवला. मधल्यापासून सुरुवात, मग बाहेर बाहेर, आणि एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. एकच बाजू आधी पक्की केली तर हेड वाकते.

या टप्प्यावर मनात प्रश्न आला. इतके सगळे बदलल्यावर ही दादांची गाडी राहिली का?

प्रश्न जुना आहे. पाली भाषेत मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला म्हणतो, तेव्हा नागसेन विचारतात, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? कठोपनिषदाने हाच रथ दुसऱ्या अंगाने घेतला: शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे, आणि आत बसलेला आत्मा हा रथाचा स्वामी. एकाने रथ सुटा करून दाखवला, दुसऱ्याने आत कोण बसले आहे ते पाहायला सांगितले.

गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर सरकारलाही द्यावे लागले. 2021 साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र त्याची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीला वीस हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. टायर बदला, वायर बदला, चालेल. सांगाडा, कवच आणि काळीज मूळचे हवे. पण याच नियमात पुढे असेही आहे की अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळावा, देखभाल, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच. माझा धाकटा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, आपण व्हिंटेज करून घेऊ, लोक बघायला येतील." मी विचारात पडलो. जी गाडी लोकांना दवाखान्यात नेण्यासाठी जगली, तिला लोक बघायला येतील. चासी मूळची, बॉडी मूळची, इंजिन मूळचे. मग मूळचे काय राहिले नाही?

आणि इथेच त्या पोच्याची गोष्ट आली. रंगाआधी मिस्त्रींनी पत्रा बोटांनी ठोकून पाहिला. जिथे नुसता पत्रा होता तिथे खणखण आवाज, जिथे जुनी लांबी भरली होती तिथे बद्द. मला गोरोबाकाकांची आठवण झाली. तेरला जमलेल्या संतांची डोकी त्यांनी थापटण्याने थापटली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे निघाले, म्हणून नामदेवराय आपल्याकडे औंढा नागनाथला विसोबा खेचरांच्या पायाशी आले. मिस्त्री डाव्या मडगार्डपाशी थांबले. म्हणाले, "हा पोचा तसाच आहे. दादांनी कधी काढू दिला नाही. मी दोनदा म्हणालो होतो. आता काढून टाकू? ठोकून लांबी भरली की आरशासारखं होईल."

मी लगेच म्हणालो, "काढून टाका."

त्या वेळी ओट्यावर आमच्या काकू बसल्या होत्या. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांना कमी दिसते, कान शाबूत. मी मिस्त्रींना सांगत होतो, हा पोचा कुठला ते तुम्हाला माहीत नाही. आई घरात तळमळत होती आणि दादा परक्यांना घेऊन गेले, त्या रात्रीचा हा पोचा. काकू मध्येच बोलल्या.

"आरं, कोन म्हनलं तुला आसं? भावजी निघाले तवा तुझी आई धडधाकट हुती. तिनंच त्या लोकांच्या फडक्यात भाकरी बांधून दिल्या. बाळंतीण अडलीया, थांबू नका म्हनून तिनंच भावजींना घाई केली. दुखाया लागलं ते मागनं, पार मागनं."

माउली, पान्याचा हात तसाच राहिला. कोण म्हणाले होते मला? मी आठवून पाहिले. कुणीही नाही. त्या सकाळी मला एवढेच सांगण्यात आले होते की आई गेली आणि गाडी अंबाजोगाईला होती. मधले मी घातले. आधी मनात घातले, मग बायकोला सांगितले, मग मित्रांना, आणि सांगता सांगता ते घडलेले झाले. ‘आई तळमळत असताना’ हे तीन शब्द माझे होते. त्या तीन शब्दांवर मी वीस वर्षे एका माणसाशी अबोला धरला होता.

अशा वेळी नाथमहाराजांकडे जाण्यावाचून मार्ग नसतो. माउलींची ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशाला झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरवली गेली. उतरवताना शब्द बदलले, पाठांतरात ओळी सरकल्या, आणि काहींनी भक्तीपोटी आपल्याही ओव्या आत घातल्या. नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला पैठणात गोदाकाठी ते काम संपवले. तो दिवस आपण ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळतो. लक्षात घ्या, नाथांना ओवी येत नव्हती असे नाही. एकनाथी भागवत त्यांनी त्याआधीच, शके 1495 मध्ये, वाराणसीत पूर्ण केले होते. एवढ्या समर्थ माणसाने दुसऱ्याचा ग्रंथ हाती घेतला आणि त्यात स्वतःचे काही घातले नाही. उलट पुढच्यांना बजावून ठेवले की यात कुणी आपली ओवी मिसळली तर ते अमृताशेजारी करवंटी मांडण्यासारखे होईल. परंपरा असेही सांगते की आळंदीला माउलींच्या कंठाशी अजानवृक्षाची मुळी वेढली होती, ती नाथांनी जाऊन दूर केली. मुळी काढली. समाधी होती तशीच राहिली.

दुरुस्तीचे सगळे शास्त्र मला यात दिसले. नीट करणे म्हणजे नवे करणे नव्हे. नंतर चढलेले काढायचे, मूळचे राखायचे, आणि आपले घालायचा मोह झाला तर हात मागे घ्यायचा. मी मात्र माझ्या घरच्या ग्रंथाची एकच प्रत वाचत राहिलो, आणि तीही माझ्याच हाताची. दुसरी प्रत ओट्यावर बसली होती. तिला मी कधी विचारले नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि मीही स्वतःला विचारले, की मग पोचा कशात मोडतो? कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा पोचा नव्हता. तो नंतर आला. नंतर आलेले काढायचे तर पोचाही काढायला हवा. तर्क बिनतोड आहे. पण मला वाटते, इथे ‘आधीचे की नंतरचे’ हा प्रश्न पुरत नाही. ‘घडलेले की घातलेले’ हा प्रश्न विचारला पाहिजे. पोचा घडला. एक माणूस आपल्या बायकोकडे जिवाच्या आकांताने येत होता, त्याची ती निशाणी. लांबी भरून मी काढणार होतो ते ही निशाणी, आणि ठेवणार होतो ते माझे तीन शब्द. उलटे काम करत होतो मी. पाठ खोडून प्रक्षेप जपत होतो.

दादांचे काहीच चुकले नाही, असे म्हणून मी आता नवी ओवी घालणार नाही. घरात दुसरे वाहन नसताना त्यांनी गाडी न्यावी की नाही, यावर दोन मते होऊ शकतात. त्यांनी पोचा का ठेवला तेही मला ठाऊक नाही. प्रायश्चित्त म्हणून, आठवण म्हणून, की नुसता कंटाळा म्हणून? तिथे मी जागा कोरी सोडली आहे. कोरी जागा सोडणे हेही शुद्धीकरणच.

मिस्त्रींना मी म्हणालो, पोचा राहू द्या, पण त्याच्या आतला गंज काढा. त्यांना आधी कळेना. मग त्यांनी खळग्यातला पत्रा पॉलिश पेपरने घासून पांढरा केला, लाल प्रायमर मारला, आणि लांबी न भरता वरून रंग दिला. गंज पत्रा खातो. पोचा काही खात नाही, तो फक्त असतो. या दोहोंतला फरक कळायला मला एवढी वर्षे लागली.

गाडी सुरू झाली त्या सकाळी निळसर धूर लिंबात गेला आणि नातीने टाळ्या पिटल्या. व्हिंटेजच्या नोंदणीचा विचार मी सोडून दिला. कागदपत्रे साध्या गाडीची करून घेतली. पहिल्या फेरीला काकूंना पुढच्या बाकावर बसवून गंगाखेडला नेले, गोदावरीकाठी जनाबाईंच्या दर्शनाला. वाटेत तो नळाचा पूल लागला. काकूंनी न पाहता विचारले, "हितंच का?" मी हो म्हणालो. पुढे गंगाखेड येईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही, पण तो अबोला नव्हता.

माउली, गाडी दुरुस्त झाली. ती वीस वर्षे दुरुस्त झाली नाहीत. त्यांना सुटे भाग कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. म्हणून एवढीच विनंती आहे. तुमच्याही मनात कुणाविषयी एखादी गोष्ट पक्की होऊन बसली असेल. तिची दुसरी प्रत कुठे आहे ते शोधा. ती प्रत अजून कुणाच्या तरी ओट्यावर बसली असेल, नव्वदीच्या घरात असेल. जाऊन विचारा. घडले ते घडले म्हणून ठेवा, आपण घातले ते ओळखून काढा. आणि ज्याच्याविषयी ती गोष्ट आहे तो माणूस अजून हयात असेल, तर हा अंक मिटा आणि आधी त्याच्याकडे जा.

रामकृष्ण हरी.